तबूकच्या बर्फावर

सौदीतल्या तबूकजवळच्या डोंगरावर बर्फ पडल्याचं कळलं आणि शुक्रवारी मी भाड्याचा स्नोबोर्ड घेऊन तिथे पोचलो. त्या भुसभुशीत बर्फात उभा राहिलो की 'आई गं!' करत आपटत होतो. मागून कुणीतरी खळखळून हसलं.

साठी ओलांडलेल्या एक बाई खडकावर बसल्या होत्या. काळ्या पायघोळ अबायावर मुलाचं ढगळ जाकीट, आणि एका हाताने गुडघा चोळणं चालूच. रत्नागिरीकडच्या, मुलाकडे आलेल्या.

"पोरा, पडायचंच आहे तर बसून घसर की!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जरा मला दे. मुलगा चहा आणायला गेलाय. तो आला की मला हलू देणार नाही."

"चाची, लागेल तुम्हाला."

"लागू दे. ढकल!"

अबाया गोळा करून त्या बसल्या. मी ढकललं. किंचाळत त्या थेट खाली गेल्या आणि बर्फात उलटल्या. मी घाबरून धावलो, तर त्या उताण्या पडून हसत होत्या.

"लग्न झाल्यापासून नवऱ्याची होडी पाण्यात ढकलत आले," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणीतरी मला ढकललं!"

मी हात दिला. त्या उठल्या, स्नोबोर्ड काखोटीला मारला आणि माझ्या आधी चढ चढू लागल्या.