जांभळा ठिपका

इब्राहिम मणेर गेल्याचं मला साताऱ्याला, शाळेत तास चालू असताना कळलं. सांगलीहून आलेल्या कार्डावर दोनच ओळी होत्या. डोळ्यांसमोर आली ती त्याची जांभळी जीभ... आणि खरं सांगायचं तर, वाईट वाटण्याच्या आधी जुनी असूया जागी झाली.

आमची ओळख झाली तेव्हा दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. हात लुळे पडलेले आमच्या भागातले शिपाई सांगलीच्या एका इस्पितळात येत. मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत जाताना कुठं अडतो, आणि रोज विजेचा हलका झटका दिला तर दुखावलेली नस जागी होते का, याचा अभ्यास तिथले डॉक्टर करत होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यांनी मला नोंदी ठेवायला घेतलं, ते उपकार मी विसरणार नाही. इब्राहिम चौथी शिकलेला, बांगड्या भरणाऱ्याचा मुलगा, झटक्याचं यंत्र उचलायला ठेवलेला.

पण नस सापडायची त्यालाच. मी भिंतीवरचा नसांचा तक्ता बघून, मोजमाप करून यंत्राच्या तारेची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी टेकवायचो आणि काही हलायचं नाही. तो मात्र बांगडी चढवण्याआधी बाईचा हात मऊ करतात तसा शिपायाचा हात दाबत जायचा आणि एका जागी थांबायचा. मग ओली झाली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून तिथं ठिपका द्यायचा. "बीएस्सी, तक्त्यातल्या हाताला कातडंच न्हाई गड्या, त्यो काय सांगणार?" शिपाई हसायचे. मीही हसायचो, आणि आतून जळायचो.

सहा आठवडे नोंद शून्य राहिली की माणसाला घरी पाठवत. विट्याकडच्या ज्ञानूचा तो शेवटचा शुक्रवार होता. इब्राहिमनं ठिपका दिला, पट्टी टेकवली आणि ओरडला, "आंगठा हालला! बघितलास?"

मी बघितला होता. अगदी बारीक, पण बघितला होता. "मला न्हाई दिसला," मी म्हणालो, आणि शून्य लिहिलं.

ज्ञानू गाठोडं बांधायला लागला. इब्राहिम डॉक्टरांकडे धावला, "साहेब, सोमवारपतोर थांबा." डॉक्टर त्याच्या शब्दावर थांबले, माझ्या नोंदीवर गेले नाहीत. तेही मला लागलं. सोमवारी इब्राहिम यायच्या आत मी ज्ञानूची बाही वर केली. दोन दिवस त्यानं तेवढी जागा भिजू दिली नव्हती. त्या पुसट ठिपक्यावरच मी पट्टी टेकवली. अंगठा उडाला. डॉक्टरांनी पाठ थोपटली, पहिली हालचाल माझ्या नावावर लागली, आणि त्यांच्याच शिफारशीवर मला साताऱ्याच्या शाळेतली नोकरी मिळाली. इब्राहिमनं ठिपक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घावलं न्हवं? बास," म्हणाला आणि यंत्र पुसायला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं...

परवा त्याच्या घरी गेलो. ज्ञानूही आला होता, त्याच हातात कपबशी धरून बसलेला. "भाभी, माजा आंगठा पयल्यांदा ह्या साहेबांनी हालवला बघा," तो इब्राहिमच्या बायकोला म्हणाला. मी मान वर केली नाही. निघताना भाभींनी बांगड्यांच्या पेटीतली पेन्सिल मला दिली. पुढं बांगड्यांच्या धंद्यात मनगटांची मापं इब्राहिम त्याच पेन्सिलीनं टिपायचा. मागच्या टोकाला त्याच्या दातांच्या खुणा आहेत.

हे त्याच पेन्सिलीनं लिहितोय, टोक जिभेला लावून. त्या शुक्रवारी मी शून्य लिहिलं. अंगठा हलला होता. इब्राहिमनं हलवला होता.