हातवाली

"मग रडला का हेडमास्तर?"

"रडतोय कशाला. पाढे म्हणायला लागला."

"काय सांगतेस!"

"खोटं बोलून मला काय मिळणार आहे? तोंडावर हिरवं कापड टाकलं, आणि कापडाखालून आवाज – बे एके बे, बे दुणे चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुरुजी, ओठ हलवू नका, डोळा हलतो. झालं! ओठ मिटले आणि सगळे पाढे माझ्या बोटांत उतरले. हे बघा, अजून दुखतंय. चौदाच्या पाढ्याला तर म्हटलं, करंगळी गेली आपली."

नवरा हसला आणि हसता हसता खोकल्यात गेला. त्याचा खोकला एकदा सुरू झाला की लवकर आवरायचा नाही. तिनं पाणी पुढं केलं, पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "आणि तो खाटीक? त्याचं पण आजच होतं ना?"

"त्याचं नावच काढू नका. रोज जनावरं सोलणारा माणूस. सुई दिसली तर म्हणतो, मावशी, मी उद्या येतो."

"भित्रट लेकाचे," नवरा म्हणाला. "बायकांच्या हाताला लोंबकळतात."

दिवेलागणीला त्या घरात रोज हेच चालायचं. मोतीबिंदूनं नवरा घरी बसल्यापासून तर त्याला दुसरा विरंगुळाच राहिला नव्हता. ती कामावरून आली, चूल पेटली, की तो भिंतीला टेकून विचारणार, आज कोण कोण होतं? मग ती सांगणार, कुणी किती जोरात हात दाबला, कोण देवाला हाका मारत होता, कोण आईला. थोडं तिखटमीठ लावूनच सांगायची. कोरडं सांगितलं तर दिवसभराच्या अंधाराचं त्यानं करायचं काय?

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे हातवाली म्हणत. लागली होती ती फरशी पुसायला. एकदा एक म्हातारी टेबलावर थरथरायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अरे, कुणीतरी हात धरा हिचा!" जवळ हीच होती. फडकं टाकलं, हात धुतले, धरला. म्हातारी शांत झाली. त्या दिवसापासून फरशीला दुसरी बाई आली आणि ही टेबलाजवळच्या स्टुलावर बसली ती बसलीच.

डोळ्याच्या ऑपरेशनाला माणूस जागा असतो. डोळा बधिर, बाकी सगळा शाबूत. पापण्या तारेच्या चिमट्यानं ताणलेल्या, वर दिव्याचा लोट, तोंडावर कापड. बोलायचं नाही, मान हलवायची नाही. एक हात तेवढा चादरीबाहेर, हिच्या हातात. खोकला येतोय, शिंक येतेय, कळ येतेय असं वाटलं की तो हात दाबायचा. हातवाली म्हणणार, "थांबा!" डॉक्टरीणबाई हत्यार डोळ्याबाहेर घेणार. मग पेशंटनं खुशाल खोकावं, घसा साफ करावा, पुन्हा निजावं. न सांगता खोकला तर उघडा डोळा आतून उसळतो, मग ब्रह्मदेव आला तरी काही खरं नाही. म्हणून बाहेरच्या बाकावर थेंब घालताना ती प्रत्येकाला हे दोनदोनदा सांगायची आणि त्याच्याकडून वदवून घ्यायची.

घरी मात्र हे कधी सांगितलं नाही. यात गंमत काय होती सांगण्यासारखी? गंमत होती ती दाबणाऱ्यांची.

नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. ऐन तारुण्यात एक ढलपी उडून उजव्या डोळ्यात बसली आणि डोळा गेला. वखारीत त्याचं नाव पडलं एकनळी, एका नळीची बंदूक. त्यालाही ते आवडायचं. फळी सरळ आहे का बघायला बाकीचे एक डोळा मिटायचे, हा म्हणायचा, "मला ते कष्टच नाहीत." एका डोळ्यावर त्यानं उभी हयात ओंडके चिरले. भुसा छातीत साठत गेला आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. मोतीबिंदू पिकून बुबुळ दुधासारखं पांढरं झालं, तशी एक दिवस बोटं करवतीच्या दातांजवळ गेली. मालकानं हात जोडले. म्हणाला, "एकनळी, आता घरी बस बाबा."

त्याच्या खोकल्यापायी डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं. पूर्ण भूल द्यावी तर छाती सोसणार नाही. शेवटी औषधांनी खोकला जरा दबला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही. हा आतच फुटला तर डोळा सडेल. एकच आहे, लक्षात आहे ना?"

"आहे की बाई. दुसरा वखारीत ठेवून आलोय."

घरच्या माणसाला थेटरात घ्यायचं नाही, असा दवाखान्याचा नियम. पण हा अडून बसला. "तिचा हात असेल तर झोपतो, नाहीतर हा चाललो." सिस्टरनं कुरकुर केली, दवाखाना आहे की लग्नमंडप म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असू दे. रोज लोकांचे धरते, एक दिवस स्वतःच्याचा धरू दे."

त्या सकाळी बाकावर सगळे हिरवे झगे घालून ओळीनं बसले होते. कपाळावर पेनानं खुणा केलेल्या. ती थेंबांची बाटली घेऊन एकेकापुढं जात होती. "खोकला आला तर काय करायचं, काका?" "हात दाबायचा." "उगीच भीती वाटली म्हणून?" "नाही दाबायचा." "शाबास." पुढचा. मग तिसरी एक पोक्त बाई. आणि मग हा.

सगळी रांग बघायला लागली. हातवालीचा नवरा आहे हे एव्हाना कानोकानी झालं होतं. तोही रंगात आलेला. झग्याच्या नाड्या सावरत, मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आम्हाला पण शिकवा की, बाई! आम्ही काय पाप केलंय?"

रांग हसली. तिची कानशिलं तापली. एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत ती त्याच्याशी कधी धड चार शब्द बोलली नव्हती. आणि रोज रात्री थेटराचंच पुराण ऐकणाऱ्या माणसाला आणखी काय शिकवायचं?

"गप बसा," ती म्हणाली. "चेष्टा सुचते यांना." डोळ्यात थेंब सोडला आणि पुढच्या माणसाकडं वळली.

दिव्याखाली अंधार तो असा असतो. दिवा दुसऱ्यांना उजेड देण्यात गुंतलेला असतो.

टेबलावर सगळं नीट सुरू झालं. सुई टोचली, त्यानं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी डोळा उघडला. मोतीबिंदू जुना, दगडासारखा, म्हणून चीर जरा मोठी घ्यावी लागली. त्याचा हात तिच्या हातात होता, करवतीनं घट्टे पडलेला, आणि इतका सैल की जणू झोपेतला. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. हवालदार बघितले, हेडमास्तर बघितले, पण बघा म्हणावं, माझा गडी कसा पडलाय.

मग चादरीखाली त्याचं पोट एकदा आत गेलं.

ते तिनं बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा गेलं, आणि छाती आतून कुणी ढुशी मारल्यासारखी हलली. तिनं हाताकडं लक्ष दिलं. हात सैलच होता. सैल नाही, तो मुद्दाम सैल ठेवलेला होता, पण हे तिला मागाहून कळलं. त्या घडीला ती मनात म्हणाली, खोकला असता तर दाबला असता की. डोळ्यांना दिसत होतं ते सोडून ती बोटांवर विसंबली, कारण त्या स्टुलावर बोटांनी तिला कधी दगा दिला नव्हता.

खोकला फुटला तो टेबलासकट. एक, आणि त्यामागं लगेच दुसरा.

"थांबा!" ती ओरडली, पण थांबायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा हात झटक्यात बाहेर आला. "टाका! सिस्टर, टाका द्या, लवकर!" हातवालीला स्टुलावरून डोळा दिसत नव्हता. हिरव्या कापडावर लाल पसरत गेलेलं तेवढं दिसलं. आणि कापडाखालून नवऱ्याचा आवाज, अगदी ओशाळलेला, "माफ करा, बाई. आला एकदम."

आतली शीर फुटली होती. रक्तानं मागून रेटा दिला आणि डोळ्यातलं होतं नव्हतं ते चिरेतून पुढं आलं. डॉक्टरीणबाईंनी कसंबसं शिवून घेतलं, पट्टी बांधली. हातमोजे काढताना त्यांनी विचारलं, "दाबला नाही त्यांनी?"

"नाही."

"सांगितलं होतंस ना?"

सिस्टर तिथंच उभी होती. हत्यारं मोजत होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यासमोर बॅटरी धरली. "उजेड दिसतो? कुठून येतोय, सांगा बघू."

त्यानं चेहरा पुढं केला. मग म्हणाला, "बाई, लावलीय का तुम्ही?"

त्यांनी बॅटरी विझवली. वाईट माणूस नव्हत्या त्या, पण दमल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला कुणाची तरी चूक हवी असते. "तुम्हाला सांगितलं होतं ना हो, खोकला आला की हात दाबा म्हणून? एवढंसं काम होतं. मी हात बाहेर घेतला असता. डोळा वाचला असता तुमचा."

हातवाली भिंतीशी उभी होती. नवऱ्यानं मान वळवली. ती कुठं उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं, तरी बरोबर तिच्याकडं वळवली.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

दोघं घरी निघाले. ती त्याच्या दंडाला धरून चालत होती. गटार आलं की "पाय उचला" म्हणत होती, बस. घरात त्याला खाटेवर बसवलं, आणि आता चहा टाकावा म्हणून वळली तेव्हा त्यानं विचारलं.

"कधी सांगितलं गं?"

ती चुलीपाशीच खाली बसली.

"मी आठवून आठवून थकलो," तो म्हणाला. "म्हटलं, भुलीच्या सुईनं विसरलो की काय. पण बाकावर तर तू मला गप बस म्हणालीस."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? तू रोज येऊन सांगायचीस, यानं दाबला, त्यानं दाबला. आपण हसायचो." त्याचा आवाज चढला नव्हता. फळीचं माप सांगावं तसा बोलत होता. "खोकला तर मला केव्हाचा येत होता. घशात कुत्रं बांधल्यासारखा. मी म्हटलं, मरू, पण दाबायचा नाही. उद्या ही कुणाच्या तरी घरी सांगेल, आमच्या एकनळीनं काय हात दाबला म्हणून."

"कुणाला सांगितलं असतं मी?"

"मला सांगायचीस ना सगळ्यांचं!"

ती पदर तोंडात धरून बसली. रडली असती तर त्याला ऐकू गेलं असतं, आणि तेवढा हक्क आपल्याला नाही हे तिला कळत होतं.

"उद्या बाईंना खरं सांगते," शेवटी म्हणाली.

"सांग. मग? डोळा परत बसवतील? तुला काढतील तेवढं. मग दोघंही बसू भिंतीकडं तोंड करून. तुला निदान भिंत दिसेल."

"मग माझ्यापायी खोटं का बोललात?"

"घर कोण चालवणार? मी?" तो म्हणाला. "त्यात माया वगैरे शोधू नकोस. अजून तेवढं मन झालेलं नाही माझं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्याकडून भिंतीला लाकडी पट्टी ठोकून घेतली, खाटेपासून मोरीपर्यंत, कंबरेच्या उंचीवर. दोरी बांधते म्हणाली तर म्हणाला, दोरी हलते, माणूस पडतो. ती ठोकत होती आणि हा नुसत्या आवाजावर सांगत होता, "वाकडा गेला. काढ. पुन्हा मार." तिचा अंगठा ठेचला, तरी ती ठोकत राहिली. पट्टी झाल्यावर त्यानं मोरीपर्यंत हात घासत एक फेरी मारली, परत येऊन म्हणाला, "रंधा मारायला हवा होता. कुसळं आहेत." आणि खाटेवर बसला.

संध्याकाळी आता तो काही विचारत नाही. तीही सांगत नाही. जेवणं होतात, भांडी घासली जातात. खोकला तेवढा बोलतो.

सिस्टरकडं तिनं कपडे धुवायच्या खोलीत काम मागून बघितलं. सिस्टर म्हणाली, "तिथं माणसं आहेत. तुझ्या स्टुलावर बसायला मला कोण आहे? आणि झालं त्यात तुझा काय दोष? तू सांगितलं होतंस." शेवटचं वाक्य सिस्टरनं अगदी मायेनं म्हटलं. हातवालीनं मान खाली घातली आणि थेंबांची बाटली उचलली.

बाहेर बाक भरला होता. पहिल्याच जागी एक आजी होती, अंगातल्या झग्यात हरवलेली, पाय जमिनीला न टेकणारी. हातवालीनं तिची हनुवटी वर केली, बोटानं खालची पापणी ओढली.

"वर बघा, आजी. छताकडं."

"झोंबेल का गं?"

"झोंबेल," ती म्हणाली आणि थेंब सोडला.