नवव्या घराचा खटका

तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु ‘सबब’ आणि ‘विनंती की’ हे शब्द कोणत्या जागी ठेवले असता साहेबाची मान हलते, हे मला पदवीधरांपेक्षा अधिक कळते, असे मी मानत आलो. माझ्या अर्जात खाडाखोड नसते. या लेखणीने मी अनेकांची कामे मार्गी लावली, आणि याच लेखणीने एका बाईला उसाच्या फडात पाठविले. ती बाई म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, माझी वहिनी.

आमची वस्ती येलदरी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला माळावर आहे. घरे नऊ. धरणावरच्या विजेचे खांब आमच्या डोळ्यांसमोरून पुढे जातात. वस्तीवर मात्र तार आली नाही. म्हणून एका योजनेतून सौरऊर्जेचा संच मिळाला. पत्र्याच्या खोलीवर पॅनेल, आत आठ बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर, भिंतीवर घरटी एक खटका. देखभालीला वस्तीतलीच बाई नेमायची होती. वहिनी दहावी पास. पंधरा दिवसांचे शिक्षण घेऊन त्या आल्या आणि खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला लागली. त्या मानधनाच्या आधारावर त्यांचा ऊसतोडीचा कोयता दोन हंगाम आढ्यालाच खोचलेला राहिला.

खोलीच्या दारावरचे नियम मी लिहिले, कारण वस्तीत लिहिणारा मीच. तिसरा नियम असा होता : ‘ऊब देणारे कोणतेही उपकरण, जसे इस्त्री, शेगडी, हिटर, कोणीही लावू नये.’ अक्षर ठळक होते. खाली माझी सही होती.

वहिनी रोज सकाळी काचेची नळी एकेका बॅटरीच्या पाण्यात बुडवीत. नळीतला काटा हिरव्यावर तरंगला तर बॅटरी भरलेली, लालवर आला तर रिकामी. तो रंग त्या वहीत लिहीत. दोन वर्षे ती वही हिरवीच राहिली.

तिसऱ्या वर्षी मी भुकटीची शाई तापवून कागदावर बसविणारे एक जुने छपाईचे मशीन घेतले. हाताने लिहिलेल्या अर्जाला आता कचेरीत पूर्वीचा मान राहिलेला नाही. मशीन तापायला वेळ घेई. म्हणून संध्याकाळी लावलेले बटण मी सकाळची एसटी गाठेपर्यंत बंद करीत नसे. कागद बाहेर पडे तो भाकरीसारखा ऊन. तो हातात घेताना मला प्रतिष्ठा वाटे. तिसरा नियम मला आठवत नव्हता असे नाही. ही शेगडी नव्हे, लिहिण्याचे साधन आहे, अशी माझी मी समजूत घातली होती.

त्याच आठवड्यापासून वही लाल झाली. दिवेलागणीला इन्व्हर्टर ओरडू लागला आणि मधेच बंद पडू लागला. वहिनींनी पॅनेलवरची धूळ पुसली, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, विकतचे शुद्ध पाणी भरले. दिवसा भरणा व्यवस्थित होत होता. सकाळी बॅटरी पुन्हा रिकामी. तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय धरला. रोज संध्याकाळी एका घराचा खटका पाडायचा आणि सकाळी नळी पाहायची. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचे घर बंद केले. आठ घरे झाली. आठही सकाळी लाल.

नवव्या दिवशी चार वाजता त्या माझ्या दारात आल्या.

“भावजी, आज तुमचा खटका पाडते. एका रातीचा परश्न हाय.”

“वहिनी, तुमी माझी झडती घ्यायलाव का?”

“झडती कशाची? घरापरमानं चाललंय. सासऱ्याला बी अंधारात बसवलं की मी. काय काय लावलंय तुमी?”

“दोन दिवे अन् एक पंखा.”

माझ्या मागे माझी बायको उभी होती. तिच्या मागे, चौकटी चादरीखाली, मशीन होते. चादर मीच दुपारी टाकली होती. वहिनींनी चादरीकडे पाहिले, मग माझ्या बायकोकडे. बायकोने मान खाली घातली.

“माझ्या घरचा खटका पडणार न्हाई,” मी म्हणालो. “कामाच्या माणसाचं घर हाय हे.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या, आणि गेल्या.

मी त्याच संध्याकाळी अर्ज करायला बसलो. त्या अर्जाची रचना आजही मला तोंडपाठ आहे. ‘सदर महिलेने कोणतेही कारण न देता आठ कुटुंबांचा वीजपुरवठा आळीपाळीने खंडित केला. तिच्या हलगर्जीपणामुळे बॅटऱ्या रोज सकाळी रिकाम्या आढळतात. सबब तिला कामावरून कमी करावे.’ खटके पडले होते आणि बॅटऱ्या रिकाम्या होत्या, हे तपासले असता खरेच ठरले असते. दोष शोधण्याचा तिचा मार्गच मी तिचा दोष म्हणून मांडला होता. हे कसब माझेच आहे.

पहिले पान छापून निघाले. दुसरे अर्ध्यावर आले आणि मशीन थांबले. घरातला दिवा गेला. दारातून पाहिले तर साऱ्या वस्तीचे दिवे गेले होते. वहिनी टॉर्च घेऊन खोलीकडे निघालेल्या दिसल्या. मी कागद ओढून काढला. वरचा भाग ऊन होता, खालच्या भागावरची काळी भुकटी बोटांना लागली. बिघाड कोठे आहे हे मला त्या क्षणी पूर्णपणे कळले. मी बोटे धोतराला पुसली, भुकटी झटकली आणि उरलेला मजकूर कंदिलाच्या उजेडात हाताने लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी सह्या गोळा केल्या. काकांकडे, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांकडे, मी स्वतः गेलो.

“कशाचा कागद हाय, लेका?”

“बॅटऱ्यांचा, काका. नव्या मिळाव्यात म्हणून.”

“मंग दे. चांगलं काम करायलास.”

आणि त्यांनी आपल्या सुनेच्या विरोधातल्या अर्जावर अंगठा उठविला.

पंधरवड्याने देखरेखीचे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी अर्ज वहिनींच्या हातात दिला आणि म्हणणे मांडायला सांगितले. वहिनींनी पहिले पान वाचले, दुसरे उलटले, अंगठ्यांवरून नजर फिरविली. सासऱ्याच्या अंगठ्यापाशी ती थांबली. मग त्या अर्ध्या छापील, अर्ध्या हाताच्या पानाकडे बोट करून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “दुसरं पान अर्धंच छापलं की, भावजी.”

“शाई संपली होती,” मी म्हणालो.

त्या साहेबांकडे वळल्या. “नवव्या घराचा खटका एक रात पाडून बघा, साहेब. मंग काय करायचं ते करा.”

“ऐकलंत ना साहेब?” मी हसून म्हणालो. “हीच यांची पद्धत.”

साहेबही हसले. माझ्या अक्षराची त्यांनी तारीफ केली. किल्ली तालुक्याच्या एका माणसाकडे गेली. तो महिन्यातून एकदा येई. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याने त्या जागी जाड तार पिळून बसविली.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर फाट्यावर आला. वहिनींनी आढ्याचा कोयता काढला. जाण्यापूर्वी त्या माझ्या दारात आल्या आणि नोंदींची वही पुढे केली. “ही तुमच्याकडं ठिवा. वस्तीत लिहिणारं माणूस तुमीच.”

मी ती वही महिनाभर उघडली नाही. उघडली तेव्हा खटके पाडायला सुरुवात होण्याआधीच्या लाल नोंदींच्या मध्ये चार हिरव्या दिसल्या. त्यांच्या समोर पेन्सिलीची एक बारीक फुली होती. ते चार दिवस आम्ही मानवतला मेहुण्याच्या लग्नात होतो, घराला कुलूप होते. म्हणजे माझ्या दारात येण्याआधीच वहिनींना ठाऊक होते. तरी त्यांनी आठ घरे अंधारात बसविली आणि माझे घर शेवटी ठेवले. मला स्वतःहून सांगता यावे म्हणून त्यांनी आठ दिवस दिले होते. मी त्या आठ दिवसांत एक चादर शोधली.

मशीन मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला हलविले. मग साहेबांच्या कचेरीत गेलो आणि अर्ज मागे घेत असल्याचे तोंडी सांगितले. तेथे ऐकायला वस्तीतले कोणी नव्हते, म्हणून ते सोपे गेले. कचेरीने म्हटले, ज्यांनी अंगठे दिले त्यांचे अंगठे पुन्हा आणा. तेव्हा मी दुसरा अर्ज हाताने लिहिला, त्यात बिघाडाचे कारण घातले आणि तो घरातच ठेवला. दारोदार जाऊन सांगायचे होते ना. गुढीपाडव्याला टोळी परत येईपर्यंत तो कपाटातून बाहेर निघाला नाही.

अखेर एका सकाळी मी काकांच्या ओसरीवर गेलो. वहिनी तेथेच ज्वारी निवडत होत्या. उसाच्या पात्याने त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे उमटले होते. मी कागद काढून वाचायला घसा साफ केला.

काकांनी हात वर केला. “तू नगं वाचू. तू सांगितल्यालं मागं बी ऐकलं म्या. सूनबाई, तू वाच.”

बावीस वर्षांत माझ्या हातून असा कागद कोणी काढून घेतला नव्हता. वहिनींनी हात पदराला पुसले आणि सावकाश वाचू लागल्या. ‘मी खाली सही करणार कळवितो की, माझ्या घरी नियमबाह्य मशीन चालू होते. त्यामुळे बॅटऱ्या रिकाम्या होत होत्या. सदर महिलेचा यात कोणताही दोष नसून, माझ्याकडून अनवधानाने...’

त्या थांबल्या.

“अनवधानानं म्हंजी काय, भावजी?”

“नकळत.”

“नकळत झालं का?”

काका माझ्याकडे पाहत होते. मी वहिनींच्या हातांकडे पाहत होतो.

“न्हाई,” मी म्हणालो.

मी कागद मागून घेतला आणि तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे ते मला सुचेना. “काय लिहू?” मी विचारले.

“जे झालं ते लिहा की.”

मी ‘समजून उमजून’ असे लिहिले. वहिनींनी पुढचे वाचले, चादरीपर्यंतचे सगळे. काकांनी अंगठा उठविला. उरलेल्या घरीही वाचायला वहिनीच आल्या. मी प्रत्येक ओसरीखाली उभा राहून ऐकले.

पोळ्याच्या आधी किल्ली त्यांच्या कमरेला परत आली. आठांपैकी तीन बॅटऱ्या तोवर फुगून गेल्या होत्या. त्यांनी प्रथम ती जाड तार उपटून फेकली आणि योग्य फ्यूज बसविला. मग उरलेल्या पाच बॅटऱ्यांवर भार कमी राहावा म्हणून रोज संध्याकाळी एका घराचा खटका पाडायला पुन्हा सुरुवात केली. या वेळी पहिले घर माझे होते. मी दारात उभा राहून दिवा जाण्याची वाट पाहिली.