संत्र्याच्या मापाचं 'कधीकधी'

माझ्या हातून दूध एकदाच करपलं. पण साक्षीदार चिनी शाळेत शिकणारी निघाल्यामुळे ते रोज करपतं, असं ठरलं.

साक्षीदार म्हणजे माझी पाच वर्षांची नात मिठी. माझा मुलगा समीर शांघायला नोकरी करतो. माझी बायको सुधा गेली तेव्हा तो मिठीला घेऊन हुडकेश्वरच्या घरी आला आणि तेरवी झाल्यावरही थांबला. कारण परत जाताना त्याला मलाही न्यायचं होतं. मला हे घर, पुस्तकं आणि सुधाची खुर्ची सोडून कुठेच जायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की मला एकट्याला जमतं का ते पाहायचं, आणि निकाल खापरखेड्याच्या माझ्या मोठ्या ताईनं द्यायचा. आमच्या घराण्यात ताईच्या निकालावर अपील नसतं.

समीर दिवसभर कामाच्या फोनवर. त्यामुळे माझ्यावर नजर मिठीची.

"बाबा, आजोबा छांगछांग दूध जाळतात," तिनं पहिल्याच संध्याकाळी अहवाल दिला.

"छांगछांग म्हणजे?" मी समीरला विचारलं.

"पुष्कळदा. मनावर घेऊ नका. तिच्या वर्गातली सगळीच पोट्टी असं बोलतात. एकदा झालं की छांगछांग. आज झालं नाही, की कधीच नाही. मधलं माप उशिरा कळते त्यांना."

"आणि आजोबा भाजी कधीच करत नाहीत," मिठी म्हणाली. (त्या दिवशी शेजारून झुणका आला होता.)

ही साक्ष ताईपुढे झाली असती, तर मी शांघायला पोचलोच होतो. पण मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. एका मुलीला 'कधीकधी' शिकवणं काय कठीण? मी संत्री आणली. अख्खं संत्रं म्हणजे नेहमी, अर्धं म्हणजे कधीकधी, नुसती साल म्हणजे कधीच नाही. मिठीला पद्धत फार आवडली. तिनं पहिला 'नेहमी' सोलला. खाता खाता त्याचा 'कधीकधी' झाला आणि माझं वाक्य संपेपर्यंत 'कधीच नाही' उरला. आठवडाभर धडा असाच चालला. तिला खोकला झाला.

"आजोबा छांगछांग संत्री देतात," तिनं समीरला सांगितलं. (हे मात्र खरं होतं.)

रविवारी ताई आली. मी संत्र्यांचं ताट मिठीपुढे ठेवलं, त्यात काही फोडीही सुट्या केल्या.

"सांग वं पोरी, तुहे आजोबा सैपाक करते का?"

मिठीनं अख्खं संत्रं पुढे सरकवलं. माझी छाती फुगली.

"दूध जाळते म्हणे?"

तिनं बराच विचार करून एकच फोड ठेवली. ही पायरी तर मी शिकवलीही नव्हती! मी समीरकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"आन् चहा?"

पुन्हा अख्खं संत्रं. "नेहमी. दोन कप."

"दोन काहून?"

"एक आजोबांचा, एक आजीचा."

"मंग आजीचा कोण पिते?"

"तो पण आजोबाच पितात."

समीर खाली मान घालून संत्र्याकडे पाहू लागला. मला वाटलं, गेलो. साक्षीदाराला अचूक बोलायला मीच शिकवलं होतं.

ताईनं ते संत्रं उचललं, सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

"राहू दे गा त्याले इथंच," ती समीरला म्हणाली. "तिकडं नेऊन काय करशीन? मी येत जाईन कधीकधी, त्या दुसऱ्या कपासाठी."

समीर आणि मिठी गेले. ठरल्याप्रमाणे ताई कधीकधीसाठी आली, ती अजून परत गेलेली नाही. हे कधीकधी कोणत्या मापाचं, असं मी एकदा विचारून पाहिलं.

"तू चहा ठेव," ताई म्हणाली.

आता मी तीन कप करतो. एक ताई पिते, दोन मी. डॉक्टरांनी मला चहा फक्त कधीकधी घ्यायला सांगितलंय. मिठीला तो शब्द आठवड्यात कळला. मला बहुधा तिच्याकडेच शिकवणी लावावी लागणार.