बांधावरचा मोजा

दोरीवर एकटाच मोजा वाळताना दिसला की मला बावड्याचं आमचं भेंडीचं रान आठवतं. भेंडीच्या लवेनं हात खाजतात, म्हणून शाळेआधी तोडायला जाताना मी आणि चुलतबहीण हातांत जुने मोजे घालायचो, अंगात वडिलांचे शर्ट. दोघी नववीत, एकाच बाकावर. एका सकाळी वर्गात शिरले तर पोरं हातांत मोजे चढवून बसलेली. त्याच अवतारातला माझा फोटो कुणीतरी खोट्या नावानं इन्स्टावर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'भेंडीवाली मॅडम'. मग मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. मागच्या बाकावरच्या पोरांचा, रानाकडेनं जाणाऱ्या टेम्पोवाल्याचा. कुणी नुसता मोबाईल खिशात घातला तरी मी त्याच्याकडं वळून वळून बघायचे. शाळा सोडते म्हणून मी आईपुढं हटून बसले. चुलतबहीण रोज विचारायची, "कळलं का गं, कुणी टाकलाय त्ये?" शेवटी एकदा मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. खालच्या कोपऱ्यात, बांधावर, एक मोजा काढून ठेवलेला होता. निळा, लाल पट्टीचा. मोजा घातलेल्या हातानं मोबाईल चालत नाही. दुसऱ्या दिवशी तोडताना तिनं परत तेच विचारलं. तिच्या हातांतल्या निळ्या मोज्यांकडं बघत मी म्हणाले, "न्हाय अजून." ती गुणगुणत पुढच्या सरीत गेली. परवा तिच्या साखरपुड्यात तिनं हाक मारली, "ये की, सेल्फी काढू." मी हसत गेले, पण आधी तिच्या हातांकडं बघितलं.