चपलांची रांग

कोरोनाची लस आली की आमच्या गावच्या दवाखान्यापुढं बाया पहाटेच चपला रांगेत ठेवायच्या आणि घरी जाऊन गाईंच्या धारा काढायच्या. चपलेची जागा कुणी घेत नसे बरं का. मला दमा, थोरल्या जाऊबाईंना शुगर. दोघींचाही दुसरा डोस लांबलेला. त्या दिवशी धारा काढून परत आलो तर दवाखान्यापुढं पुण्याच्या गाड्या. सरकारचा नवा नियम, मोबाईलवर नंबर लावलेल्यांना आधी लस.

जाऊबाईंनी सगळ्या चपला उचलून दवाखान्याच्या दारातच मांडल्या. "जा आता ओलांडून," त्या पुण्याच्या पोरांना म्हणाल्या. कुणी ओलांडीना.

नर्सबाई म्हणाली, "मावशी, हुकूम वरचा हाय."

"मग वरच्यांना म्हणावं, दोन दिस आमच्या गावात येऊन रेंज शोधा."

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली, एक मोबाईलवाला, एक चपलेवाली. माझा नंबर लागला, मला टोचली आणि लस संपली. माझ्यामागं जाऊबाईंचीच जोडी होती. मी ती उचलायला वाकले, तर म्हणाल्या, "राहू दे तिथंच. पुढच्या खेपेला पहिला नंबर माझा."

आणि अनवाणीच घरी निघाल्या.