तीनशे बारावी युक्ती

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. बत्तीस वर्षं त्याने मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही, तेव्हा त्याने एक नवाच चाळा लावून घेतला: लॉटरीच्या युक्त्या तपासायच्या. स्वतः तिकीट कधी काढलं नाही. पण अकरा वर्षांच्या साप्ताहिक सोडतींचे निकाल त्याने वहीत उतरवून ठेवले होते. कुणी म्हणे, बरेच दिवस न आलेले आकडे घ्या. कुणी म्हणे, जन्मतारखा. तो प्रत्येक युक्ती जुन्या निकालांना लावून बघायचा आणि लाल शाईने ‘नापास’ लिहायचा. त्या शेऱ्यात त्याला भारी समाधान वाटे.

तीनशे बारावी युक्ती त्याची स्वतःचीच होती. मागच्या सोडतीचे सहा आकडे, प्रत्येकात सात मिळवायचे, एकोणपन्नासच्या पुढे गेलं की पुन्हा एकपासून मोजायचं. ती मात्र पास झाली. अकरा वर्षांत चार वेळा सहापैकी चार आकडे जुळले होते.

त्या दुपारी मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, शिंपी; दुकानात पाच मशिनं. कानामात्राने हौसेने वही पुढे सरकवली.

“दाजी, म्हणजे ही चालते?”

“चालत नाही रे, चालली होती. तीनशे दगड मारले की एखादा आंबा पडणारच. त्यात नेम कसला?”

“पण पडला ना?”

“मागच्या सोडती म्हणजे मेलेली माणसं. त्यांचं भविष्य कोणीही सांगेल.”

मेहुणा हसला. जाताना त्याने युक्ती कागदावर उतरवून घेतली. कानामात्राने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्याचं काम कुणी उतरवून घेतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिसऱ्याच आठवड्यात मेहुण्याचे तीन आकडे जुळले. बक्षीस किरकोळच, पण तो पेढे घेऊन आला. “दाजी, तुमच्या तोंडात साखर!” कानामात्राने पेढा बशीत तसाच ठेवला. मेहुणा हरला असता तर शहाणा झाला असता, असं त्याच्या मनात आलं.

मग मेहुणा एका तिकिटाऐवजी वीस काढू लागला. सातऐवजी आठ, आठऐवजी नऊ मिळवून. दुकानावरून जाताना कानामात्रा आता आवाज मोजायचा. पाच मशिनांची खडखड चारवर आली, मग दोनवर. एके दिवशी आत फक्त मेहुणाच बसलेला दिसला, मांडीवर अर्धवट शिवलेला कोट, आणि डोळे भिंतीवर चिकटवलेल्या निकालांवर.

कानामात्राने घरी येऊन नंतरच्या एक्केचाळीस सोडती तपासल्या. त्या तीन आकड्यांपलीकडे काहीच नव्हतं. त्याने मोठ्या अक्षरात ‘नापास’ लिहिलं आणि वही दुकानात नेली.

मेहुण्याने पानं उलटली. “शाई नवी दिसतेय.”

“आजच तपासलं म्हणून.”

“की आजच बदललं?” त्याचा आवाज अगदी शांत होता. “खरी युक्ती तुम्ही लपवलीत. मला एक आकडा चुकीचा सांगितलात. इतकी वर्षं चुका काढणाऱ्या माणसाला चूक कशी घालायची तेही कळत असणार.”

“अरे, तुझ्या ताईची शपथ घेऊन सांगतो—”

“ताईला मध्ये आणू नका. वही इथेच राहू द्या.”

मेहुणा दाराच्या वाटेत उभा राहिला. हातात कापड कापायची मोठी कात्री होती. ती त्याने उगारली नव्हती, पण खालीही ठेवली नव्हती. कानामात्राने वही टेबलावर ठेवली आणि कडेकडेने बाहेर पडला.

घरी बायकोने विचारलं, “काय म्हणाला?”

“ऐकत नाही.”

“तुमचं ऐकलं म्हणूनच तर ही पाळी आली,” ती म्हणाली.

महिन्याभरात शेवटचं मशिन विकलं गेलं. मेहुण्याची बायको मुलींना घेऊन माहेरी निघून गेली. दुकानाचं दार मात्र रोज उघडं असतं. आता तिथे सोडतीच्या दिवशी माणसं जमतात; आधी दोघं-तिघं यायची, हल्ली बाहेरपर्यंत रांग लागते. मेहुणा वही उघडून लपवलेला खरा आकडा कसा शोधायचा ते समजावत असतो. कानामात्रा एकदा रांगेपर्यंत गेला होता.

“हे खोटं आहे,” तो म्हणाला.

पुढच्या माणसाने वळून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्हीच का ते, खरा आकडा लपवणारे?”

मग एकेक करत रांगेतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली.